नानांनी पास केलेले पडदे

नाना आमच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते, असं म्हटलेलं त्यांना स्वतःला आवडत नसे. त्यांच्या मते ते आधीपासून होते आणि त्यांच्याभोवती कुणीतरी जिनिंग बांधलं होतं. कापसातून सरकी वेगळी काढणारी, धुळ्याबाहेर आग्रा रोडला लागून असलेली ती सहकारी संस्था. हंगामात फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असायच्या, आणि कोणत्या गाडीतला कापूस कोणत्या प्रतीचा, हे एकटे नाना ठरवायचे. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धागा ओढून बघायचा आणि मग तो फाया घेऊन उत्तरेच्या खिडकीशी जायचं. कापूस उन्हात बघायचा नाही, दिव्याखाली बघायचा नाही. उत्तरेचा उजेड कुणाची बाजू घेत नाही, असं ते सांगत. यात खोटं काही नाही, सगळेच ग्रेडर तसं करतात. पण नाना ते अशा आवाजात सांगत की उत्तर दिशा त्यांनीच शोधून काढली असावी असं वाटे.

पांढऱ्या रंगाबद्दल त्यांच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. परटाने आणलेलं धोतर ते दारातच उलगडून खिडकीशी धरायचे आणि बहुतेक वेळा परत पाठवायचे. चहात पडण्याआधी दूध त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू ताटात भात वाढला की लगेच त्यावर वरण ओतून टाकायच्या, म्हणजे भाताची प्रत ठरायची राहून जायची. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं, पण हसताना दाराकडे बघून घेतलं होतं.

ग्रेडिंगच्या खोलीत एक लाकडी पेटी असे. तिच्यात दर वर्षी वरून आलेले कापसाचे नमुने असत, प्रत्येक प्रतीचा एक, शंका आली तर ताडून बघायला. नानांना शंका येत नसल्यामुळे पेटी उघडली जात नसे. तिच्यावर त्यांचा जेवणाचा डबा असायचा. एका नव्या संचालकाने एकदा भीत भीत विचारलं, की पेटी उघडून बघायची पद्धत आहे ना. नानांनी डबा उचलला, पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "घ्या. उद्यापासून पगारही हिलाच द्या." मग दोन दिवस ते कामावर आले नाहीत. फाटकाबाहेर गाड्या तुंबल्या, बैलांचा चारा संपला, शेतकरी ओरडायला लागले. शेवटी तो संचालक स्वतः नानांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. पेटीवर पुन्हा डबा विराजमान झाला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या संचालक मंडळाला कॉम्प्युटरची हुक्की आली. शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेने घेतला होता, एवढं कारण पुरेसं होतं. मी तिथे टायपिस्ट होते, म्हणून ते यंत्र माझ्या टेबलावर येणार हे ठरलं. यंत्र कोणतं, हे जळगावच्या विक्रेत्याने ठरवलं, किंमत अध्यक्षांनी. उरला मॉनिटर. विक्रेत्याने बैठकीत समजावून सांगितलं की पडदे चार जातींचे येतात: काळ्यावर हिरवी अक्षरं, काळ्यावर नारिंगी अक्षरं, ज्याला तो अंबर म्हणे, मग कागदासारखा पांढरा, आणि चौथा रंगीत. रंगीत महाग होता, तो तिथल्या तिथे बाद झाला. बाकी तिन्हींपैकी कोणता, हे कुणालाच ठरवता येईना. मग अध्यक्ष म्हणाले, "रंगाचं काम आहे. नानांना विचारा." ज्या माणसाने जन्मात कॅल्क्युलेटरला हात लावला नव्हता त्याला विचारायचं ठरलं, आणि जिला दिवसभर त्या पडद्यापुढे बसायचं होतं ती कोपऱ्यात बसून बैठकीचं इतिवृत्त लिहीत होती. तो ठराव मी माझ्याच हाताने लिहिला.

विक्रेता तिन्ही मॉनिटर मेटॅडोरमध्ये घालून घेऊन आला. नानांनी ते ऑफिसात मांडू दिले नाहीत. ग्रेडिंगच्या टेबलावर, कापसाच्या ढिगाशेजारी, उत्तरेच्या खिडकीकडे तोंड करून ठेवायला लावले. विक्रेता अजिजीने म्हणाला, की समोरून उजेड आला तर काचेवर खिडकीच दिसेल, हा माल अंधाऱ्या खोलीत बघतात. "उजेडात टिकत नाही तो माल घ्यायचा कशाला?" नाना म्हणाले. विक्रेत्याने पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणली, ती नानांनी काढायला लावली; अक्षरांखाली माल झाकला जातो म्हणे. शेवटी त्याने तिन्ही पडदे नुसत्या भरीव ठोकळ्यांनी भरून दिले आणि घाम पुसत बाजूला झाला.

मग नानांनी सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची रिकामी डबी काढली. तिच्यात कोणत्याशा जुन्या हंगामातल्या उत्तम कापसाचा फाया असायचा. हाच त्यांचा पांढरा. तो चिमटीत धरून त्यांनी पडद्याजवळ नेला आणि फायाचे धागे उभे राहून काचेकडे झेपावले. चालू पडद्याच्या काचेला अशी ओढ असतेच. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, त्यातलाच प्रकार, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण नानांचा चेहरा एकदम गंभीर झाला. आयुष्यभर धाग्याची ताकद ओढून बघणाऱ्या माणसासमोर धागा आपण होऊन ओढला जात होता. त्यांनी तिन्ही पडद्यांपुढे फाया नेऊन बघितला. अंबरचा पडदा आधीपासून चालू होता म्हणून की काय, त्याची ओढ जरा जास्त निघाली. विक्रेत्याने त्याचं शास्त्र सांगायला तोंड उघडलं, तर नानांनी हाताने त्याला थांबवलं.

निकाल त्यांनी उभ्या उभ्या दिला. हिरवा म्हणजे पाला आलेला माल, तो घ्यायचा नाही. पांढऱ्यापुढे ते फार वेळ उभे राहिले, फाया शेजारी धरला, मान हलवली. हा पांढरा नाही, पिवळट आहे, पाऊस लागलेल्या कापसासारखा. मग अंबरकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पिवळा आहे आणि पिवळा म्हणूनच विकायला आलाय. हा प्रामाणिक आहे." मंडळी खूश झाली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

तो प्रामाणिक पडदा पुढची काही वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता. सकाळी बसले की संध्याकाळपर्यंत काळ्यावर नारिंगी, नारिंगीखाली नारिंगी. डोळ्यांतून पाणी यायचं. घरी गेले की चुन्याची भिंत बराच वेळ निळसर दिसायची. आई म्हणायची, चष्मा लाव. चष्मा नानांना लावायला हवा होता, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

याच काळात सोनगीरच्या आबांचं प्रकरण सुरू झालं. आबा म्हणजे शांत, कमी बोलणारा शेतकरी. कापूस असा स्वच्छ आणायचा की गाडीतून उतरवताना हमालही हात झटकून घ्यायचे. नानांनी त्यांना कायम वरची प्रत दिलेली. आणि एका हंगामात नाना खिडकीशी उभे राहून म्हणाले, "पिवळट." आबांना वाटलं, एखादी खेप असेल. पुढची खेपही पिवळट निघाली, त्याच्या पुढचीही. नानांनी कारणही सांगून टाकलं: हा दवात वेचलेला कापूस आहे, ओला वेचला की पिवळा पडतो. वेचणीवर कोण असतं? आबा म्हणाले, मोठी बहीण, अक्का. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, पूर्ण वेचणी तिच्याच हाताखाली. नाना म्हणाले, "मग म्हातारीला आता घरी बसवा."

पिवळट तेव्हा आबांचाच ठरत होता असं नाही. बऱ्याच गाड्या त्या वर्षांत खालच्या प्रतीत गेल्या. पण बाकीचे शेतकरी भांडायचे, हातवारे करायचे, गाडी वळवून दुसरीकडे न्यायची धमकी द्यायचे, आणि मग नाना कपाळाला आठी घालून अर्धी पायरी वर चढवायचे. आबा भांडले नाहीत. "नाना, तुमना डोया खरा शे," एवढं म्हणून त्यांनी मान खाली घातली. ज्याने सगळ्यांत जास्त विश्वास ठेवला त्याचंच सगळ्यांत जास्त वाटोळं झालं. मला त्या माणसाचा तेव्हा राग यायचा, आणि त्याच्या गरीब चेहऱ्याकडे बघून तो राग धरताही यायचा नाही.

अक्का एकदा स्वतः आल्या. सोनगीरहून एस.टी.ने, डोक्यावरून पदर, पदराच्या टोकाला बांधलेला कापूस. उंच, काटक बाई. ग्रेडिंगच्या दारात उभं राहून त्यांनी गाठ सोडली आणि कापूस ओंजळीत धरला. "दव सुकी ग्यं का मंगच बाया वावरमा उतरतस," त्या म्हणाल्या. "हाऊ मी सोता वेचेल शे. दखा." नानांनी खुर्चीतूनच बघितलं. उठायचे कष्टही घेतले नाहीत, उत्तरेच्या खिडकीपर्यंत जाणं तर लांबच. "पिवळट आहे," म्हणाले.

मी दारातच उभी होते. मला तो कापूस पांढरा दिसत होता, लख्ख. मी तसं म्हटलं. नाना माझ्याकडे वळले आणि अगदी दया आल्यासारखं म्हणाले, "टायपिस्टबाई, तुम्ही आत्ता अंबर पडद्यासमोरून उठून आलात. तुमचा डोळा पिवळ्याला सरावलाय. तुम्हाला आता हळदसुद्धा पांढरी दिसेल." खोलीतले सगळे हसले. आणि वाईट म्हणजे त्यात तथ्य होतं; घरची भिंत मला निळी दिसतच होती. त्यांनीच निवडलेल्या पडद्याने माझी साक्ष बाद झाली. अक्कांनी कापूस परत पदरात बांधला, एकेक पुंजका उचलून, काही सांडू न देता, आणि गेल्या. त्यानंतर आबांच्या शेतात वेचणीला दुसरी बाई आली. अक्का घरात बसल्या. गावात चर्चा झाली की म्हातारीचं आता लक्ष राहत नाही, बायांना लवकर घरी सोडता यावं म्हणून दवातच वेचायला लावते. आयुष्यभर वेचणीवर उभी राहिलेली बाई आता कामचुकार ठरली होती, आणि ते एका शब्दाने.

नानांची कीर्ती मात्र वाढत होती. आमच्या संस्थेने नानांकडून पडदा पास करून घेतला, ही बातमी पसरली आणि पतसंस्था, छापखाने, नवे निघालेले कॉम्प्युटरचे क्लास, सगळे त्यांना बोलावायला लागले. बोदवडच्या एका व्यापाऱ्याने त्यांच्यासाठी स्टेशनवर माणूस उभा केला. जळगावच्या एका क्लासने उद्घाटनाच्या दिवशी त्यांना मानाचा नारळ दिला आणि मॉनिटरला आधी त्यांच्या हातचं कुंकू लावलं. खिशात डबी घालून ते ऐटीत निघायचे, खिडकी कोणत्या दिशेला आहे ते बघायचे, फाया धरायचे. धुळ्यात आणि जळगावात त्या वर्षांत जे मॉनिटर विकले गेले त्यातले इतके अंबर का होते, याचं कारण कुणी शोधायला गेलं तर ते एका तंबाखूच्या डबीत सापडेल.

पावसाळ्यात वेगळीच पंचाईत झाली. हवा दमट असली की काचेची ती ओढ कमी होते, फाया मुकाट लोंबकळत राहतो. नानांनी लागोपाठ काही मॉनिटर नापास केले, मग विचारपूर्वक जाहीर केलं की पावसाळ्यात पडदा घेऊ नये, ओला निघतो. हे लोकांना पटलं. कापसाचंही तसंच असतं. धुळ्यातला एक दुकानदार मला सांगत होता की श्रावणात त्याच्याकडे प्रिंटर खपायचे, कीबोर्ड खपायचे, पण मॉनिटरला कुणी हात लावत नसे.

पुढे रंगीत पडदे स्वस्त झाले. त्यांच्यावर नानांचा एकच शेरा: निळा कमी. कोणताही आणा, कोणत्याही कंपनीचा आणा, निळा कमी. मग मेकॅनिक मागचं झाकण काढून पेचकसाने निळा वाढवायचा, नाना समोरून हात हलवत राहायचे, अजून, अजून, आणि पडदा पार नीळ घातलेल्या सदऱ्यासारखा झाला की म्हणायचे, "आता बरोबर." एका छापखान्याने अशा पास झालेल्या पडद्यावर साडीच्या दुकानाचं कॅलेंडर तयार केलं. पडद्यावर सगळंच निळं, म्हणून तिथल्या पोराने चित्रातला निळा कमी करत करत रंग जुळवले. छापून आलं तेव्हा साडी नेसलेल्या बाईला कावीळ झालेली होती. दुकानदार भांडायला आला. नानांनी कॅलेंडर हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, यात वाईट काय आहे? आम्हाला वाटलं, ते छापखान्याची बाजू सावरताहेत. ते खरोखरच विचारत होते.

त्या सुमाराला त्यांचं बाकीचंही बिघडत चाललं होतं. पायरी चुकायची. चहा बशीच्या बाहेर ओतला जायचा. समोरून येणाऱ्याला ते आवाजावरून ओळखायचे आणि त्याने आधी बोलावं म्हणून घसा खाकरायचे. विचारलं तर म्हणायचे, धुळ्यात व्होल्टेज राहिलेलं नाही. दुपारी भर उजेडातसुद्धा व्होल्टेज. मला हसू यायचं आणि मी ते लपवतही नव्हते. शेवटी काकूंनी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात ओढून नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं, आत नवं भिंग बसवलं. नाना काळा चष्मा लावून घरी बसले आणि त्या दिवसांत बाहेर शेतकऱ्यांच्या तोंडावर एक प्रकारची सुट्टी दिसायची.

ते परत कामावर आले त्याच आठवड्यात सोनगीरचे आबा आले. आबांच्या पुतण्याला गावात कॉम्प्युटरचा क्लास काढायचा होता आणि मॉनिटर नानांनीच बघून द्यावा असा आबांचा हट्ट. ज्या डोळ्याने त्यांची अक्का घरी बसवली, त्याच डोळ्याकडून पडदा पास करून घ्यायला आबा आले होते. खरा डोळा तो खरा डोळा. पुतण्याने दोन मॉनिटर आणवून ग्रेडिंगच्या टेबलावर ठेवले, एक पांढरा, एक रंगीत. नानांनी डबी उघडली, फाया धरला, आणि मग मी त्यांना पहिल्यांदाच गोंधळलेलं बघितलं. त्यांनी डावा डोळा मिटला. मग उजवा मिटला. पुन्हा डावा. नंतर वळून बाजूच्या कापसाच्या ढिगाकडे बघितलं, तसंच, एकेक डोळा मिटून.

मग ते रागाने बोलायला लागले. डॉक्टरने भिंग बोगस बसवलंय. निळा फार टाकलाय. आपण तक्रार करायला गेलो होतो, निळा कमी करा म्हणून सांगितलं, तर डॉक्टरने विचारलं, कोणत्या मॉनिटरचा? हे सांगताना नानांच्या चेहऱ्यावर जराही हसू नव्हतं. मग म्हणे डॉक्टरने अक्कल शिकवली: मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं जुनं भिंग पिवळं पडत जातं, इतकं हळूहळू की माणसाला वर्षानुवर्षं कळत नाही, नवं भिंग स्वच्छ आहे, त्यातून जसं दिसतं तसंच जग आहे. "म्हणजे माझा डावा डोळा पिवळा," नाना टेबलावर हात आपटून म्हणाले. "ज्या डोळ्याने उभा जिल्हा तोलला तो पिवळा, आणि ह्याने परवा घातलेली काच तेवढी खरी."

आबा टेबलाच्या त्या टोकाला उभे होते. त्यांनी ढिगातून चिमूटभर कापूस उचलला आणि पुढे धरला.

"नाना, जुना डोयाले हाऊ कसा दिखस?"

नानांनी उजवा डोळा मिटला. "पिवळट."

"आनि नवा डोयाले?"

"त्याला सगळंच पांढरं दिसतं," नाना वैतागून म्हणाले. "म्हणून तर म्हणतोय, भिंग बोगस आहे."

खोलीत हमाल होते, मी होते, पुतण्या होता. सगळ्यांना कळलं. फक्त नाना अजून डॉक्टरला शिव्या देत होते. आबांनी चिमटीतला कापूस जिथून उचलला तिथे परत ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मंग अक्का खरं सांगत व्हती." नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. ज्याने भर खोलीत हळदीवरून माझं हसं केलं होतं त्याच्याकडून माफी नको होती मला, पण त्या ओंजळ धरून उभ्या राहिलेल्या बाईसाठी एक शब्द हवा होता.

आबांनी तोच मागितला. म्हणाले, नाना, सोनगीरले चला. तुम्हीच सांगा अक्काले. तुमना शब्द वर ती घरमा बसनी, तुमनाच शब्द वर बाहेर येई. नानांनी डबी बंद करून खिशात टाकली. डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली आहे, म्हणाले. सोनगीर धुळ्यापासून जेमतेम अर्ध्या तासावर. आदल्याच रविवारी ते एस.टी.ने जळगावला जाऊन एका क्लासचे पडदे बघून आले होते, तिथे मिळालेल्या पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर अजून उघडा पडला होता. जळगावच्या वाटेवर बहुधा धूळ नसावी. मी हे बोलून दाखवलं. पुतण्याने नानांना न विचारता पांढरा मॉनिटर उचलला आणि आबांच्या मागे चालता झाला.

यापुढे जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मलाच खरं वाटलं नसतं. नानांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला साफ नकार दिला. राहिलेला हंगाम त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून काढला. ढिगात हात घालायचा, फाया घ्यायचा, खिडकीशी जायचं, नवा डोळा झाकायचा आणि जुन्याने बघायचं. "पिवळट." मी अध्यक्षांना सांगितलं, दोनदा सांगितलं. ते म्हणाले, आता दोन-चार महिने राहिलेत त्यांचे, कशाला म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं. निरोपसमारंभात त्याच अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की नानांनी आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून काम केलं. टाळ्या पडल्या. नाना शाल अंगावर घेऊन बसले होते आणि शालीचा पांढरा काठ डाव्या डोळ्याने तपासत होते.

नंतर नवा ग्रेडर आला. तिशीतला, बुजरा, चुकण्याची फार भीती असलेला माणूस. त्याने पहिल्याच दिवशी पेटीवरची धूळ झटकली आणि नमुने बाहेर काढले. आबांची पहिली गाडी आली तेव्हा त्याने कापूस नमुन्याशेजारी ठेवला, पुन्हा एकदा ठेवला आणि वरची प्रत लिहिली. आबा पावती घ्यायला माझ्या टेबलाशी आले. मी म्हटलं, आबा, आता अक्का वेचणीवर असतात ना?

आबा नाही म्हणाले. त्या दिवशी नानांकडून घरी गेल्या गेल्या त्यांनी अक्कांना सगळं सांगितलं होतं: मोतीबिंदू, डोळ्यातलं पिवळं भिंग, डॉक्टर काय म्हणाला, सगळं. अक्का सुपात डाळ निवडत होत्या. निवडता निवडता त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं:

"नानाना डोया खराब व्हता, ते समजनं. पन तुना डोया कोठे व्हतात, भाऊ?"